भिंतीपलीकडचा भीमण्णा

बायकोला मोबाइल हातात धरावा लागू नये, एवढंच अमृतप्पाच्या मनात होतं. महानंदाचा उजवा हात मोडून प्लॅस्टरमध्ये पडला होता. भाकरी अमृतप्पा थापायचा (तिला भाकरी म्हणायचं धाडस तोच करायचा) आणि वरण शेजारची अक्कम्मा रोज धाडायची.

म्हणून त्यानं हैदराबादहून एक डबी आणली. मोबाइल ब्लूटूथनं डबीशी बोलणार, डबी ते बोलणं एफएमवर सोडणार आणि घरातला रेडिओ मोठ्यानं ऐकवणार.

"दोघांची भाषा येगळी. ही मधली दुभाषी," त्यानं बायकोला समजावलं. कर्नाटकाच्या सीमेवरच्या औरादला दुभाष्याचं कौतुक ते काय? तिथं भाजीसुद्धा तीन भाषांत घेतात.

डबीला एफएमचा नंबर द्यायचा होता. अक्कम्माच्या रेडिओवर रोज भजन लागायचं; त्या स्टेशनचा नंबर भिंतीतून ऐकून ऐकून पाठ झाला होता. त्यानं तोच दिला.

रविवारी सकाळी बसवकल्याणहून महानंदाच्या भावाचा, भीमण्णाचा फोन आला.

"हालो दाजी!" रेडिओ गरजला. महानंदा हरखली. अमृतप्पाची छाती फुगली.

"अक्कम्माचं वरण अजून म्हशीलाच घालायलाव का?"

अमृतप्पा हसला आणि दचकून भिंतीकडं वळला. तेच वाक्य भिंतीपलीकडूनही आलं होतं. अक्कम्माच्या रेडिओतून!

त्यानं झडप घालून आपला रेडिओ बंद केला. (एवढंच सुचलं.) डबी चालूच होती. आता घरात शांतता, आणि भिंतीपलीकडं भीमण्णा एकटाच, खणखणीत.

"तुमीच म्हणलाव की, म्हैस बी तोंड फिरवती!"

"भीमण्णा, गप की रं!"

"कामून? अक्कम्मा हाय का तिथं?"

"इथं न्हाई!"

"मग बोला की मोकळं!" भिंत म्हणाली.

"अवं, डबी! डबी बंद करा!" महानंदा ओरडली. त्यानं डबीतला सेलच उपसून काढला. पलीकडं भजन पुन्हा सुरू झालं, आणि लगेच थांबलंही.

दारात अक्कम्मा उभी. हातात वरणाचं भांडं. अमृतप्पानं हात जोडले. "अक्का, चुकलं माझं."

अक्कम्मा त्याच्याकडं बघत राहिली. मग पदर तोंडाला लावून अशी हसली की भांडं हिंदकळलं.

"चुकलं कशाचं, अण्णा? आमचे मालक तर हे वरण तोंडातबी घालीनात. तुमी रोज 'लई झकास' म्हणायलाव, म्हणून मला वाटायलतं, देवानं शेजारी एक तरी जिभेला चव नसलेला माणूस दिलाय!"