झुलालनानांची चाल

कॅसेट कंपनीच्या कर्णिक साहेबांना नेमकं ऐन लगीनसराईत जळगावला यायचं सुचलं. दुपारी उतरायचं, झुलालनानांचं क्लॅरिनेट ऐकायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं मुंबईला परत. नानांच्या बँडला त्याच दुपारी रुपचंदशेठच्या पुतण्याची वरात होती. वरात सोडली तर शेठ पुन्हा दारात उभं करणार नाहीत, साहेब सोडले तर कॅसेट गेली. शेवटी नानांनी तोडगा काढला. साहेबांना वरातीतच आणायचं आणि घोडा चौकात थांबला की आपली चाल ऐकवायची.

ही चाल नानांची स्वतःची. लेक मंदा फैजपूरला सासरी गेली आणि घर खायला उठलं, तेव्हा बसलेली. संथ, ऐकणाऱ्याला रडू यावं अशी. ती कॅसेटवर निघावी आणि मंदानं आपल्या घरी लावावी, एवढीच त्यांची हौस होती. त्या काळी कॅसेटवर नाव येणं म्हणजे काय होतं, ते आज सांगून पटायचं नाही.

चौकात घोडा थांबला. नानांनी डोळे मिटून चाल धरली. तोच नवरदेवाचा मामा कौतिक धावत आला.

"नाना, काय रडी राहिनात? लगन शे का मयत?"

"दम धर रे भो. मुंबईना साहेब येल शेतस."

"मग त्यासलेबी नाचाडू! वाजाडा जोरमा!"

ढोलवाल्या नथ्थूला तेवढंच हवं होतं. त्यानं लय दुप्पट केली. क्लॅरिनेट मागे राहिलं तर बँडची अब्रू जाते, म्हणून नानाही धावले. चाल तीच, पण तिच्यातलं रडू कुठल्या कुठे पळालं. कौतिकनं साहेबांना हाताला धरून आत ओढलं. "अहो नको, अहो नको," म्हणता म्हणता साहेबांचा एक खांदा हलला. मग दुसरा. मग त्यांनी रुमाल काढून दातात धरला आणि भर रस्त्यात लोळण घेतली. नानांना थांबून सांगता आलं असतं, की साहेब, हीच ती. पण समोर माणूस असा बेभान नाचत असताना वाद्य खाली ठेवणारा बँडवाला अजून जन्मायचाय.

गाडीची वेळ झाली. धुळीनं माखलेले साहेब रिक्षात बसले.

"नाना, काय मजा आली! पण तुमची ती चाल ऐकायची राहिलीच की."

"साहेब, मी तीच तर..."

रिक्षा निघून गेली.

पुढच्या लगीनसराईत एका नाचाच्या कॅसेटनं धुळ्यापासून भुसावळपर्यंत धुमाकूळ घातला. शेजारी ती लागली तशी नानांच्या बायकोनं, लिलाबाईंनी, लाटणं तसंच हातात धरून कान टवकारले. "आहो, हाई तर तुम्हनी चाल शे!" कव्हरवर कंपनी कर्णिक साहेबांचीच होती, पण चालीपुढे मुंबईच्या कुणाचं तरी नाव होतं. नानांना अन्न गोड लागेना. मग वाटलं, साहेबांनी मुद्दाम नसेल केलं. नाचता नाचता अंगात भिनली असेल, गुणगुणताना आपलीच वाटली असेल. नीट ऐकली असती, तर कुणाची ते लक्षात राहिलं असतं.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मंदा माहेरपणाला आली, ती पिशवीतून कॅसेट काढतच.

"आबा, तुम्हनासाठे आनी. आते जुन्या चाली सोडा, हाई वाजाडा."

लिलाबाईंनी तोंड उघडलं. नानांनी त्यांना डोळ्यानंच गप्प केलं आणि क्लॅरिनेट ओठाला लावलं. त्यांनी वाजवली ती आपली, पहिली, संथ.

"आबा, चुकी राहिनात तुम्ही," मंदा म्हणाली. "कॅसेटमा असं नही शे." मग ती पदरानं डोळे पुसू लागली. "पन माले रडू काब्रं ई राहिनं?"

"चुकनं मनं, बेटा," नाना म्हणाले, आणि तीच चूक त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाजवली.