सासूबाईंचं पाठ झालेलं वाक्य

रमणीकच्या इंग्रजीच्या मास्तरांनी एक सोपी युक्ती सांगितली होती. जे कधीचं सुरू झालंय आणि अजून थांबलेलं नाही, असं घरातलंच काहीतरी बघायचं, त्याचं वाक्य करायचं आणि रोज मोठ्यानं म्हणायचं. रमणीकला फार शोधावं लागलं नाही. तिच्या सासूबाईंचा, चरणजीत कौरचा, तोंडाचा पट्टा भल्या पहाटे सुरू व्हायचा.

"माय मदर-इन-लॉ हॅज बीन टॉकिंग सिन्स फाइव्ह ओ'क्लॉक," परोठे लाटता लाटता ती रोज म्हणे.

"म्हणजे काय गं?" सासूबाईंनी एकदा विचारलंच.

"म्हणजे... माझी सासू पाच वाजल्यापासून राबतेय, मम्मीजी."

सासूबाई विरघळल्या. त्या दिवसापासून लोण्याचा पहिला गोळा सुनेच्या ताटात पडू लागला.

मग कॅनडाहून चाचाजी, म्हणजे सासूबाईंचे दीर, आले. घरातल्या बेबे म्हणजे त्यांची आई, सासूबाईंची सासू. सुनांनी क्लासला जाणं बेबेंना मुळीच पसंत नव्हतं. "हिची परीक्षा घे," त्यांनी मुलाला फर्मावलं. "येत नसेल तर उद्यापासून म्हशी सांभाळेल."

"पुत्तर, ते माझं वाक्य म्हण ना," सासूबाई सुनेला कौतुकानं म्हणाल्या.

चाचाजींना इंग्रजी येत होतं, हीच तर पंचाईत होती. लस्सीचे पेले वाटून रमणीक खांबासारखी उभी राहिली.

"बसली दातखीळ!" बेबे म्हणाल्या. "क्लास बंद!"

सुनेची फजिती सासूबाईंना बघवेना. "लाजतेय हो ती! नुसतं ऐकून मला पाठ झालंय, मग तिला येत नसेल होय?" त्यांनी ओढणी सावरली आणि खणखणीत आवाजात वाक्य म्हणून टाकलं.

चाचाजींना लस्सीचा ठसका लागला.

"काय म्हणाली रे?" बेबेंनी विचारलं.

"भाभी म्हणतायत, त्यांची सासू पाच वाजल्यापासून बोलतेय. आणि अजून थांबलेली नाही."

"मी? मी बोलते?" म्हणून बेबेंनी जे सुरू केलं, ते जेवणं उरकली तरी चालूच होतं. मध्येच चाचाजींनी निकाल देऊन टाकला. "क्लास चालू राहू दे. या घरात सासूलासुद्धा बिनचूक येतंय."

रमणीक स्वयंपाकघरात भांडी आवरत होती. सासूबाई आत आल्या आणि त्यांनी दार लोटलं. आता आपलं काही खरं नाही, म्हणून तिनं मान खाली घातली. बाहेरून बेबेंचा आवाज येतच होता. सासूबाई बराच वेळ तो ऐकत राहिल्या.

"वाक्य चांगलंय," त्या हळूच म्हणाल्या. "पण पाच वाजल्यापासून नको. तीस वर्षांपासून, असं कसं म्हणायचं ते शिकव."