चंडोलाच्या एकवीस कविता

एका जंगलात, म्हणजे खरं तर जंगलाच्या कडेच्या माळावर, भानुदास नावाचा चंडोल राहत असे. बाळांनो, चंडोल म्हणजे गाणारा पक्षी. हा जरा जास्तच गाणारा होता.

माळावर त्याच्या कविता कुणी ऐकेना. तेव्हा तो सात डोंगर ओलांडून देवदारांच्या जंगलात राहायला गेला. तिथे बर्फ पडे. पहिला बर्फ पाहून तो हरखला आणि त्याने त्यावर एक झकास कविता केली.

तिथल्या साहित्य मंडळाच्या अध्यक्षपदी एक अस्वल होतं. ते जांभया देऊ लागलं.

“बर्फ आमच्या अंगणात आहे हो,” ते म्हणालं. “तुम्ही परके. तुम्ही विरहाचं म्हणा. मागे कुणी राहिलंय की नाही?”

“आई आहे. बोरीच्या झुडपाखाली असते.”

“मग रडा की.”

भानुदास रडला. आईच्या आठवणीने त्याला खरंच रडू आलं, त्यात खोटं काही नव्हतं. पुढे दर संमेलनात त्याला परक्यांच्या फांदीवर बसवत. तिसऱ्या कडव्याला हुंदका द्यायचा, अशी तिथली रीतच पडली. आईवर एकवीस कविता झाल्या.

कीर्ती माळावर पोचली. माळाने त्याला सत्काराला बोलावलं. त्याने आईची कविता काढताच संयोजक साळिंदर कानाशी आलं.

“बोरीचं नको. बोरी इथे पावलोपावली आहेत. बर्फाचं होऊ द्या.”

बर्फाचं झालं. टाळ्या पडल्या. गवताची शाल मिळाली.

मग तो आईकडे गेला. ती थकली होती, तिला आता उडता येत नव्हतं.

“इथूनच ऐकलं,” ती म्हणाली. “थंडी वाजली बघ. माझ्यावर कधी काही लिहिलंस का रे?”

“एकवीस आहेत, आई.”

“मग म्हण की एखादी.”

भानुदासने डोळे मिटून सुरुवात केली, “आई, तू आता कशी असशील?”

“बघ की,” आई म्हणाली. “समोरच बसलेय. दोन दिवस दाणा मिळाला नाही.”

भानुदासला फार वाईट वाटलं. इतकं की बाविसावी कविता तिथल्या तिथे सुचली. ती विसरायला होऊ नये म्हणून तो लगेच देवदारांकडे उडाला.

तात्पर्य : आईवर उत्तम कविता करायची असेल, तर तिच्यापासून सात डोंगर लांब राहावे. जवळ राहिल्यास दाणे आणावे लागतात.