सगळ्यांच्या नावापुढे हिरवी जेली

आर्विद गेले त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, त्यांची मुलगी सिग्रिड स्वयंपाकघरात लॅपटॉपपुढे कपाळाला हात लावून बसली होती. संध्याकाळी चर्चचं सहभोजन. कोण काय आणणार याची नोंदणी यंदा प्रथमच वेबसाइटवर झाली होती. "आमच्या पोरीनं केलीय," असं एरवी मितभाषी असलेल्या आर्विदनी अख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं.

"बाबा, सगळ्यांच्या नावापुढे हिरवी जेली आलीय!"

"सगळ्यांच्या?"

"पाद्रीबाईंच्यासुद्धा!"

दोष सापडला. पदार्थांची यादी पानावर मांडायला तिनं वेबसाइट बनवायच्या फ्रेमवर्कमधली तयार सोय वापरली होती. पण 'आधी एक ओळ रिकामी ठेव' हे त्या सोयीला सांगायचं राहिलं होतं. त्यामुळे यादीतला पहिलाच पदार्थ आपोआप निवडला जात होता. आणि अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या त्या गावात आपली पसंती आधी सांगणं बरं दिसत नाही, म्हणून कुणी यादीला हातच लावला नव्हता.

सिग्रिडनं एका शब्दात दुरुस्ती केली. पण 'आपण हिरवी जेली आणत आहात, आभार!' अशा ईमेल कधीच घरोघरी पोचल्या होत्या. तिनं शेजारच्या मार्लिसकाकूंना फोन लावला.

"काकू, तुम्ही दरवर्षी मीटबॉल आणता ना?"

"हो, पण यंदा जेली लावलीय."

"अहो, मग मला विचारलं का नाही?"

"उगाच कशाला गं तुला त्रास!"

"बाकीचे काय आणताहेत?"

"इश्श, असं कुणाला विचारतात होय?"

सिग्रिडनं फोन ठेवला. "बाबा, माझ्यामुळे गावात तुमचं हसं होणार."

आर्विदनी फ्रिज उघडला. आत भलंमोठं भांडं. हिरवंगार. थरथरणारं.

"तुम्हीपण? मी घरातच होते की हो!"

"तू लिहिलंयस म्हटल्यावर विचार करूनच लिहिलं असशील."

संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये कुणी जवळून चाललं, की जेलीनं भरलेली सगळी टेबलं एकदम थरथरायची. "छान आहे. वेगळंच," म्हणत लोक निमूट जेली खात होते. शेवटी पाद्रीबाईंनाच हसू आवरेना, आणि मग सगळा हॉल खदखदू लागला. आर्विद डोळे पुसत हसले आणि दुसऱ्यांदा वाढून घेऊन आले.

रविवारी सकाळी ते उठलेच नाहीत.

अंत्यविधीला पाद्रीबाईंनी विचारलं, "कुणाला दोन शब्द बोलायचेत?" रीतीप्रमाणे सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले.

सिग्रिड उभी राहिली.

"बाबा," ती शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझं तुमच्यावर फार प्रेम आहे."