डाव्या हाताची चिठ्ठी

सोमवारी सकाळी साडेसात वाजता पाणी तपासणी प्रयोगशाळेच्या चहाच्या खोलीत अकरा कप होते, त्यांतले नऊ खरकटे. शिवाय चार चमचे, साखरेचा एक डबा, डब्यात तीन मुंग्या आणि विजेची एक किटली. किटलीत आतून पांढऱ्या क्षाराचा थर बसला होता. धाकटीने तो मोजपट्टीने मोजला. तळाशी तीन मिलिमीटर भरला.

ऑफिसात वयाने सगळ्यांत लहान आणि नोकरीला जेमतेम दोन महिने झालेले, म्हणून तिला धाकटी म्हणत. आदल्या दिवशी उपासनेत पाळकांनी सांगितलं होतं, की आठवड्यातून एक तरी चांगलं काम असं करा, जे देवाशिवाय कुणाला कळणार नाही. उजव्या हाताने केलेलं डाव्याला कळू देऊ नका. बाकीच्यांनी मान डोलावली आणि घरी जाऊन जेवले. धाकटीने वहीत तारीख घातली.

तिने किटलीत चाळीस ग्रॅम लिंबाचं फूल टाकलं. तेच सायट्रिक ॲसिड प्रयोगशाळेच्या कपाटात पाच किलो होतं, पण देवाच्या कामाला ऑफिसचा माल वापरणं तिला पटेना, म्हणून घरून आणलं होतं. पाणी उकळून अर्धा तास ठेवलं आणि मग किटली घासली. डाव्या हाताने धरल्याशिवाय किटली घासता येत नाही, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. एवढी त्रुटी तिने चालवून घेतली. आठला किटली आतून लखलखत होती. पुढच्या दोन तासांत ती त्या खोलीत सहा वेळा डोकावली. कुणाच्या लक्षात आलं का ते बघायला नव्हे, निरीक्षण म्हणून.

दहा वाजता मोठे सर आले, त्यांनी किटली पुसून तराजूवर ठेवली आणि ते ओरडले.

"चोपन्न ग्रॅम! अगं, चोपन्न ग्रॅम गेले!"

किटली नवी आली तेव्हापासून, म्हणजे गेले साठ आठवडे, मोठे सर दर सोमवारी त्या किटलीचं वजन करत होते, हे धाकटीला कुणी सांगितलं नव्हतं. पाणी किती जड आहे ते त्यांना असं मोजायचं होतं. आठवड्याला ०.९ ग्रॅम क्षार चढत असे. एकदाही चुकला नव्हता. आणि गेल्याच शुक्रवारी, मेव्हण्याच्या सांगण्यावरून, सरांनी नळाच्या पाइपला एक चुंबक बांधला होता. चुंबकाने क्षार धरत नाही, असं मेव्हण्याचं म्हणणं. शुक्रवारभर सगळी प्रयोगशाळा त्या चुंबकाला हसली होती.

"हसा म्हणावं आता," सर म्हणाले. "नवा धरला नाही तो नाहीच, जुनाही खाल्ला पठ्ठ्याने! एकतीस वर्षं झाली मला इथे. पुढच्या महिन्यात निवृत्त होणार. नावावर एक शोध नव्हता गं."

"सर, पण," धाकटी म्हणाली, "कुणी धुतलीबितली असेल तर?"

"या ऑफिसात?" सरांनी नऊ कपांकडे बोट केलं. "शास्त्रात शक्याशक्यतेचाही विचार करायचा असतो, बाळ."

दुपारी त्यांनी संचालकांना फोन केला. गुरुवारी साडेदहाला संचालक स्वतः येऊन बघणार आणि मग गावातल्या प्रत्येक टाकीला चुंबक बसणार, असं ठरलं.

धाकटीची झोप उडाली. सांगावं तर पुण्य पाण्यात आणि सरांचा शोधही पाण्यात. न सांगावं तर ती खोटी साक्ष, वर टाक्याटाक्यांना चुंबक. मंगळवारी तिने मधला मार्ग काढला. एका चिठ्ठीवर लिहिलं, 'चुंबकाने काही केलेले नाही. किटली धुतली आहे. क्षमस्व.' अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिलं. म्हणजे आता डाव्या हातालाही सगळं कळलं होतं.

बुधवारी सरांनी चिठ्ठी भिंगाखाली धरली.

"अक्षर वेडंवाकडं. लिहिणाऱ्याला लिहिण्याचा सराव नाही," ते म्हणाले. "बोलवा मावशींना."

मावशी म्हणजे झाडलोट आणि कपबश्या बघणाऱ्या. त्या कमरेला पदर खोचून आल्या.

"अहो साहेब, अकरा वर्षांत इथल्या कुठल्या किटलीला मी पाण्याशिवाय काही दाखवलं असेल तर शपथ! माझ्याकडे कप. तेही संध्याकाळी. विचारा कुणालाही."

कुणालाही विचारायची गरज नव्हती. तरी सरांनी मेमो काढला: प्रयोगात ढवळाढवळ, उद्या दहापर्यंत लेखी खुलासा, नाहीतर कामावरून कमी.

गुरुवारी पावणेदहाला धाकटी सरांच्या टेबलासमोर उभी राहिली. वाटेत तिने तीनदा प्रार्थना केली होती, त्यांतली एक सर आजारी असावेत अशी होती. ती लगेच मागे घेतली.

"सर, किटली मी धुतली."

सरांनी मान वर केली नाही. "तुमचा नंबर चौथा."

"म्हणजे?"

"नऊला गेटवरचे काका येऊन गेले. म्हणाले, मीच धुतली, मावशींचं काम घालवू नका. साबणाने म्हणे. मग आवक-जावकवाल्या ताई. त्यांनी टूथपेस्टने. मग मावशी."

"मावशी?"

"लेखी कबुली आहे. राखेने घासली म्हणतात." सरांनी कागद पुढे केला. अक्षर मोत्यासारखं होतं. "चिठ्ठीशी मुळीच जुळत नाही, हा आणखी एक घोळ. तुम्ही कशाने?"

"सायट्रिक ॲसिड, चाळीस ग्रॅम, अर्धा तास."

"हं. पद्धत बरोबर आहे."

"कारण मीच धुतली, सर!"

"कारण तुम्ही रसायनशास्त्र शिकलात. बाकीच्यांना खोटंही धड सांगता येईना. तुम्हाला येतं, म्हणजे तुमची साक्ष सगळ्यांत कच्ची. कपाटातून ॲसिड घेतल्याची नोंद?"

"घरून आणलं होतं."

"कुणी पाहिलं?"

"कुणीच नाही," धाकटी म्हणाली. "तेवढी काळजी घेतली होती."

सर बराच वेळ वहीतल्या साठ आकड्यांकडे पाहत बसले. मग त्यांनी मेमो फाडला आणि संचालकांना फोन लावला. "येऊ नका साहेब. निरीक्षण बाद. किटलीला हात लागलाय. कुणाचा ते सिद्ध होत नाही, पण लागलाय." फोन ठेवून त्यांनी चष्मा पुसला, पुसलेला पुन्हा पुसला. "चुंबक मात्र राहू द्या पाइपवर. पुन्हा मोजू. आणि या खेपेला कुणी उपकार करायचे नाहीत."

बाहेर मावशी बादली घेऊन उभ्या होत्या.

"काय गं, तूपण गेलीस होय?"

"मावशी, तुम्ही का कबूल केलंत?"

"म्हटलं, असेल कुणाचं तरी पोर, उगाच नोकरीला मुकेल. माझं काय, अकरा वर्षं झाली, शिव्या पचतात."

"पण मी खरंच धुतली, हो!"

"हो हो," मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "मीपण खरंच धुतली."

पुढच्या सोमवारी सकाळी साडेसात वाजता चहाच्या खोलीत अकरा कप होते, अकराही धुतलेले. कुणी धुतले ते कळलं नाही. दहा वाजता सरांनी किटली पुसून तराजूवर ठेवली. धाकटीने आकडा वाचला, सरांनी वहीत लिहिला.

गेल्या सोमवारी ८४६.४ ग्रॅम. आज ८४७.३.