माशाच्या वाट्याचं पाणी

धनसिंग नाईकाच्या तांड्याने विहिरीसाठी अर्ज केला आणि सरकारने मासे पाठवले, ह्यात सरकारची काही चूक नव्हती. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण हल्ली लोक उठसूट सरकारला नावं ठेवतात. जे झालं ते नियमाने झालं. तो नियम वर्षभर माझ्याच ओसरीवर टांगलेला होता.

मेडशीच्या अलीकडे दीड कोसावर हा तांडा. चाळीस घरं बंजाऱ्यांची आणि एक आमचं, म्हणजे माझं, कैलासचंद शेटजीचं. आमचं दुकान होतं. तांड्यातल्या बाया अंबाडीचे दोर वळून मला विकत आणि माझ्याकडून घागऱ्याचं कापड घेऊन जात. दुकानात गूळ, मीठ, घासलेट सगळं मिळे, पाणी मात्र मिळत नसे. गावाला तळं होतं, पण ते माघातच आटायचं. मग बायांनी दोन मैलांवरच्या नाल्यात झिरा उकरायचा आणि वाटीवाटीने घागर भरायची. धनसिंग नाईकाची बायको गोमतीबाई म्हणायची, पहिली खेप घरी ठेवली की दुसरीला निघायची वेळ झालेलीच असते. तिचे गुडघे धरले होते, पण झिरा काही जवळ येत नव्हता. विहिरीचा अर्ज तिने सांगितला आणि मी लिहिला.

अर्ज त्रेपन्न साली नागपूरला गेला. छप्पन साली आमचं राज्यच बदललं. आम्ही मुंबई राज्यात गेलो, आणि आमच्या आधी आमचा अर्ज मुंबईला पोचला. तिथे कुणी तरी नकाशा उघडला. नकाशात तांड्याशेजारी निळ्या शाईचं तळं होतं, आणि नकाशावरचं तळं आटत नाही. ज्या गावाला तळं आहे त्याला विहीर कशाला? त्याला मासे हवेत. त्याच सुमारास कुण्या परदेशी पाहुण्यांनी सरकारला मासे भेट दिलेले होते आणि ते कुठे ठेवावेत ह्याची खात्यात पंचाईत पडलेली होती.

सत्तावन्नच्या चैत्रात मत्स्यविस्तार अधिकारी श्री. सबनीस जीपमधून चार पिल्लं घेऊन आले. मासा गोल आणि चपटा, तेव्हा जेमतेम रुपयाएवढा. सरकारी नाव डिस्कस. तांड्याने पाहताक्षणी त्याला भाकरमासा म्हटलं. साहेब तळ्यावर गेले, तर तळ्यात शेळ्या चरत होत्या. साहेबांनी कागद पाहिला, तळं पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. मासे परत न्यावेत तर परतीचा नमुना छापलेला नव्हता. तेव्हा मासे प्रौढ होईपर्यंत घरगुती काचपेटीत वाढवावेत आणि मग तळ्यात सोडावेत, असं त्यांनी जागीच ठरवलं.

पेटी कुणाच्या घरी ठेवायची, हा प्रश्न एका मिनिटात सुटला. तांड्यात कुठेही ठेवली असती तर दुसऱ्या दिवशी माशांचं कालवण झालं असतं. आम्ही जैन. मासे खात नाही, पाणीसुद्धा गाळून पितो. आमच्याइतकं सुरक्षित घर माशांना मिळणार नाही, असं साहेबांनी अहवालात लिहिलं. मासा काय खातो, हे मात्र त्यांनी मला जीपमध्ये बसल्यावर सांगितलं. बकऱ्याचं काळीज, बारीक चिरून, दिवसातून तीनदा.

माझी बायको तारामती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिने माशांना भिजवलेली मुगाची डाळ घातली. माशांनी डाळीकडे पाहिलंही नाही. तिसऱ्या दिवशी ते कलंडायला लागले, तेव्हा काळीज घालणं पाप की उपाशी मारणं पाप, असा पेच पडला. शेवटी मी असं ठरवलं, की ओसरी ही घरात मोडत नाही. गोमतीबाई काळीज घेऊन यायची, ओसरीवर चिरून माशांना घालायची, आणि तेवढा वेळ मी भिंतीकडे तोंड करून नवकार मंत्र म्हणायचो. दिवसातून तीनदा. एवढा धर्म माझ्या हातून आधी कधी झाला नव्हता.

आता पाणी. नियमाचं कलम तीन असं, की पिल्लांच्या पेटीतलं निम्मं पाणी रोज बदलावं, आणि गावात पाणी नसल्यास ते खात्याने पुरवावं. निम्मी पेटी म्हणजे सहा घागरी. सरकारात सहा घागरींची गाडी नव्हती, चारशे गॅलनची लॉरी होती. ती रोज सकाळी यायची, माझ्या अंगणातल्या हौदात चारशे गॅलन ओतायची आणि जायची. सहा घागरी माशांना. बाकीच्याचं काय, म्हणून मी साहेबांना पत्र टाकलं. उत्तर आलं, की उर्वरित पाण्याची स्थानिक समितीमार्फत योग्य ती विल्हेवाट लावावी.

गोमतीबाई उर्वरित पाणी विल्हेवाट समितीची अध्यक्ष झाली. चाळीस घरच्या बाया सभासद. रोज सकाळी त्या घागरी घेऊन यायच्या आणि पाण्याची विल्हेवाट लावायच्या. पिऊन, रांधून, आंघोळी करून. अहवालात विल्हेवाटीचा प्रकार भरायला एक रकाना होता. त्यात मी 'इतर' लिहीत असे.

काय दिवस होते ते. गोमतीबाईचे गुडघे बरे झाले. तिने चारांतल्या सगळ्यांत मोठ्या माशाचं नाव कलेक्टर ठेवलं, कारण त्याच्या नावाने पाणी येत होतं. बाया येता-जाता पेटीपुढे हात जोडायच्या. पावसाळ्यात तळं काठोकाठ भरलं, तरी लॉरी चिखलात रुतत रुतत येतच राहिली, कारण कलम तीनमध्ये पावसाळा नव्हता. मासे मात्र अजून प्रौढ नव्हते, त्यामुळे भरल्या तळ्यात सोडता येईनात. भाकरमाशाला ऊन पाणी लागतं म्हणे. त्या एका बाबतीत आमचा वाशीम तालुका कुठल्याही परदेशाला हार जाणार नाही.

डिसेंबरात साहेब पहिल्या मोजणीला आले. त्यांची सरकारी फूटपट्टी मुंबईहून मंजूर व्हायची होती, म्हणून त्यांनी माझ्या दुकानातला गज मागितला. मी सवयीने हाताशी होता तो दिला. साहेबांनी तो काचेला लावला. कलेक्टर साडेपाच इंच भरला.

साहेब खूश झाले. अजून अर्धा इंच वाढला की सुटलात म्हणाले. मी विचारलं, कशातून? त्यांनी ओसरीवर टांगलेला नियमाचा कागद उलटा करून कलम चार दाखवलं. ते पाठीमागे छापलेलं असल्याने मी कधी वाचलं नव्हतं. मासा सहा इंचांचा झाला की प्रौढ समजावा, आणि प्रौढ माशाचं पाणी आठ दिवसांतून एकदा बदलावं. म्हणजे रोज लॉरीची कटकट नको, असं साहेबांनी हसून समजावून सांगितलं. गोमतीबाई तिथेच उभी होती. ती हसली नाही.

साहेब गेल्यावर ओसरीवर समिती बसली. कलेक्टरला वाढू द्यायचं नाही, हे सगळ्यांना पटलं. पण कसं? खाणं निम्मं करावं, असं कुणी तरी सुचवलं. तारामती आतून बाहेर आली. जी बाई दोन दिवस माशांपायी माझ्याशी बोलली नव्हती, ती म्हणाली, "मुक्या जीवाले उपाशी ठेवसान, तर मी त्या पान्याचा घोट नाई घेनार." आणि विषय संपला.

गोमतीबाई माझ्याकडे पाहत होती. तिने गुडघ्यावर हात ठेवला.

तोड माझ्याकडे होती. पण ती बाहेर काढायची म्हणजे माझ्या बापजाद्यांची अब्रू बाहेर काढायची. आमच्या दुकानात दोन गज होते. साहेबांना दिला तो द्यायचा गज. दुसरा गादीखाली असे, तो घ्यायचा. कापड द्यायच्या गजाने मोजून द्यायचं, दोर घ्यायच्या गजाने मोजून घ्यायचे. दोन्हींवर छत्तीसच इंच कोरलेले, दोन्हींवर सरकारी शिक्का. फक्त द्यायच्यातले इंच जरा आखूड आणि घ्यायच्यातले जरा ऐसपैस. हे मी केलेलं नाही, वडिलांपासून चालत आलेलं आहे. आणि मी एकटाच करत होतो असंही नाही.

महिनाभर मी तो गज रोज काढून पाहिला आणि पुन्हा गादीखाली सारला. जानेवारीत साहेब पुन्हा आले. समिती पेटीभोवती उभी होती. मी गादीखालचा गज काढून साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी तो काचेला लावला, चष्मा पुसला, पुन्हा लावला. कलेक्टर पावणेपाच इंच भरला.

"हा आकसला," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

ते घाईघाईने रिपोर्ट लिहायला जीपकडे गेले. गोमतीबाईने गज हातात घेतला. कोपऱ्यात कापडाच्या ठाणाला टेकलेला दुसरा गज उचलला. दोन्ही एकाशेजारी एक जमिनीवर उभे धरले. एक दुसऱ्यापेक्षा चांगला सात बोटं वर आला. बाया बघत राहिल्या.

"शेटजी," ती सावकाश म्हणाली, "मासोळी तर एका महिन्यात आकसली. मंग आमचे घागरे वीस वर्सापासून काहून आकसून राह्यले, ते आज समजलं."

मला धरणी ठाव देईल तर बरं असं झालं. तिने आरडाओरडा केला असता तर मी भांडलो असतो, भांडायला मी कमी नाही. पण तिने दोन्ही गज जागच्या जागी ठेवले. मासोळीसाठी लांब गज असू द्या, म्हणाली. आणि आजपासून आमचे दोर आखूड गजानं घ्या, कापड लांब गजानं द्या. पुढची वीस वर्षं. मी मान हलवली. सभासदांनी ठराव एकमताने पास केला.

इकडे आकसलेल्या माशाने खात्यात हाहाकार उडवला. सरकारी पाण्यावर सरकारी मासा लहान होतो म्हणजे काय? वरून तज्ज्ञ आले. त्यांनी निदान केलं, की पाणी कमी पडतं आहे. फेब्रुवारीपासून रोज दोन लॉऱ्या सुरू झाल्या. तांड्यातल्या बायांनी मेथी लावली, वांगी लावली. मेडशीच्या आणि अनसिंगच्या लोकांनी आम्हालाही मासे द्या म्हणून अर्ज केले. आसेगावच्या एकाने तर आमच्या माशाशी सोयरीक जमते का, असं विचारायला माणूस पाठवला.

त्याच महिन्यात त्रेपन्नच्या विहिरीच्या अर्जाला उत्तर आलं. तांड्याला मत्स्यखात्यामार्फत दररोज आठशे गॅलन पाणीपुरवठा सुरू असल्याने विहिरीची आवश्यकता दिसत नाही, सबब अर्ज कायमचा निकाली काढण्यात येत आहे. मी ते गोमतीबाईला वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं आणि मग कलेक्टरला काळीज चिरायला बसली. आता त्याला जपण्यावाचून इलाज नव्हता.

मार्चच्या एकतीस तारखेला साहेब जीपमध्ये हार घालून आले. हार माशासाठी होता. मी गादीखालचा गज घेऊन पुढे झालो.

"राहू द्या, शेटजी," साहेब म्हणाले. "मोजून काय करता? आज योजनेचं वर्ष संपतं. उद्दिष्ट सहा इंचांचं आहे."

आणि त्यांनी सहा इंच लिहिलं. चारही मासे प्रौढ झाले. काचेच्या पेटीला हार घातला गेला, फोटो निघाला. तळ्यात सोडायचं काय म्हणून मी विचारलं, तर तळ्यात पुन्हा शेळ्या चरत होत्या. मासे पुढील आदेशापर्यंत माझ्याच ओसरीवर राहावेत, पाणी कलम चारप्रमाणे आठ दिवसांतून एकदा यावं, असं ठरलं. उन्हाळा तोंडावर होता.

गोमतीबाई जीपच्या आडवी उभी राहिली. "सायेब, मासा मोठा झाला, कबूल. पन आमची तहान तेवढीच हाय. आमच्या पान्याचं काय?"

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी खाली उतरून तिला नीट समजावलं, की तरतूद माशाच्या पाण्याची आहे, माणसाच्या पाण्याची कधीच नव्हती. ती तहान माशाला लागली असती तर त्यांना काही तरी करता आलं असतं.

जीप गेली. गोमतीबाईने मला खरा इंच असलेलं माप आणायला सांगितलं. माझ्या दुकानात तसलं एकही नव्हतं, म्हणून शाळेच्या मास्तरांकडून पट्टी आणली. कलेक्टर बरोबर सहा इंच भरला, वर दोन सूत. मी खोटं मोजलं, साहेबांनी न मोजता लिहिलं, आणि मासा आपला नियमाने वाढला होता. गोमतीबाई घागर उचलून झिऱ्याकडे चालू लागली. दुसऱ्या दिवसापासून तारामतीही तिच्याबरोबर जाऊ लागली.

पुढे बऱ्याच वर्षांनी गावोगाव नळ आले. पाणी कुणाला किती दिवसांनी सोडावं, हा प्रश्न निघाला, तेव्हा पाणी वाटल्याचा अनुभव असलेली खात्यात एकच फाईल होती. ती आमची. म्हणून विचारतो, राग मानू नका. तुमच्या नळाला कितव्या दिवशी पाणी येतं? रोज येत असेल तर जरा जपून राहा, वरचेवर मोजणीला कुणी येतं का तिकडे लक्ष ठेवा. आणि आठव्या दिवशी येत असेल, तर तुमचं अभिनंदन. सरकारदप्तरी तुम्ही प्रौढ झालात.