मोडायची खुर्ची

मेश्रामकाकांच्या हातून मोडणारी वस्तू बनतच नसे. एरवी याला आपण गुण म्हटलं असतं. पण काका आमच्या विनोदी कार्यक्रमाचं सामान बनवायचे, आणि त्या कार्यक्रमात दर पाच मिनिटांनी काहीतरी मोडावं लागे.

जबलपुरात, राइट टाउनातल्या एका केबल चॅनेलवर आम्ही दर आठवड्याला चार हिंदी प्रहसनं करायचो. मी लिहायची, चौबेजी बसवायचे आणि तिवारीभैया नावाचे शंभर किलोंचे नट त्यात पडायचे. तिवारीभैया पडले की जबलपूर हसतं, असं चौबेजींचं मत होतं. ते खरंही असावं, कारण माझ्या एकाही वाक्याला कोणी तेवढं हसलेलं मला आठवत नाही.

काकांची सगळी नोकरी संरक्षण कारखान्यात, दारूगोळ्याच्या लाकडी पेट्या बनवण्यात गेली होती. पेटी ट्रकवरून फेकली तरी खिळा हलता कामा नये, हा तिथला कायदा. निवृत्त झाल्यावर काका आमच्याकडे आले ते तो कायदा सोबत घेऊनच. सेटवर सगळ्यांशी हिंदी आणि माझ्याशी घरची मराठी बोलायचे. वस्तू बनली की तिच्यावर दोनदा थाप मारून म्हणायचे, "माल पास!" तेवढं ऐकलं की मी ओळखायची, ही काही मोडणार नाही.

एकदा नायिकेने रागारागाने प्रेमपत्र फाडायचं होतं. बिचारीने आधी हाताने ओढलं, मग दात लावले. पत्र जसंच्या तसं. काकांनी त्याला मागून कापड चिकटवलं होतं.

"काका, ते फाटायलाच पाहिजे होतं!"

"काहून? कागद काय फाडासाठी रायते काय, पोरी?"

दुसऱ्या एका प्रहसनात चोर लाथ मारून दार पाडतो, असं मी लिहिलं होतं. चोराने पाच लाथा मारल्या. शेवटी थकून त्याने कडी वाजवली आणि म्हणाला, "भाभीजी, ज़रा खोल दीजिए." सगळा सेट लोटपोट झाला आणि ते वाक्य माझं आहे असं मी दोन महिने लोकांना सांगत होते.

पण खुर्चीच्या वेळी प्रकरण हाताबाहेर गेलं. जावई सासुरवाडीला येतो, ऐटीत खुर्चीवर बसतो आणि खुर्ची मोडते. तिवारीभैया बसले. मग आपटून बसले. मग चौबेजी त्यांच्या मांडीवर बसले. खुर्ची साधी कुरकुरलीसुद्धा नाही. काका कोपऱ्यात समाधानाने मान डोलावत उभे.

"मेश्रामजी, कॉमेडी कर रहे हैं, तोप नहीं चढ़ानी है इस पर," चौबेजी ओरडले. "शनिवार को कुर्सी नहीं टूटी, तो आप घर पर आराम कीजिए!"

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. दोनच्या शूटिंगला हा माणूस सकाळी नऊला येऊन बसायचा. काकू जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलगी बेंगळुरूला. घरी आराम म्हणजे काय, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. मला चौबेजींचा भयंकर राग आला.

शुक्रवारी सकाळी मी स्कूटर काढून चेरीतालला त्यांच्या घरी गेले. म्हटलं, आपणच करवत घेऊन बसावं. दाराशी पोचते तोच आतून धाडकन आवाज आला. मी आत धावले. काका जमिनीवर बसले होते, कोपराला हळद, कपाळाला हळद. भोवती सहा मोडक्या खुर्च्या.

"काही नाही, टेस्टिंग करून राहिलो."

"अहो, या तर मोडल्या की!"

"मोडासाठी काय लागते? करवत मारली की मोडते. पण ही डाव्या अंगावर जाते, तिवारीचा खुबा जाईन. ते मांगं जाते, डोक्शाले लागन. त्याले शुगर आहे, हाड लवकर जुडत नाही. सरळ खाली बसवणारी पाहिजे."

"म्हणून स्वतः पडून बघताय?"

"मंग काय तिवारीले पाडू?"

मला हसावं की रागवावं ते कळेना. "आणि तुम्हाला लागलं तर? इथे उचलायला कोण आहे?"

काका खुर्चीचा पाय चाचपत बसले. मग म्हणाले, "काल पाठीवर पडलो. हाक मारली, तुह्या काकूच्या नावानं. तोंडातून तेच निघालं. थोडा वेळ पडल्या पडल्या पंखा पाह्यला. मंग उठलो."

मी चहा ठेवायला म्हणून आत गेले आणि तिथे जरा रडून घेतलं.

शनिवारी सातवी खुर्ची मोडली. तिवारीभैया असे अलगद खाली बसले की जणू कोणी हात धरून बसवलं. सगळे हसत होते आणि हसता हसताच कॅमेरावाले भैया, मेकअपवाल्या दीदी, चौबेजी आणि मी त्यांना उठवायला धावलो. "लगी तो नहीं? कहाँ लगी?" चौबेजींनी काकांची पाठ थोपटली. काकांचं तिकडे लक्षच नव्हतं.

"पडल्याबरोबर चार जणं धावले," ते मला हळूच म्हणाले. "वा!"

त्याच दिवशी मी चौबेजींना सगळं सांगितलं. यापुढे खुर्चीचं टेस्टिंग घरी नाही, इथेच, तालमीच्या वेळी. चौबेजींनी मान डोलावली.

तेव्हापासून काका सेटवर पडू लागले. ते पडले की आम्ही हातातलं टाकून धावायचो. "कहाँ लगी, काका?" ते आधी कोपर दाखवायचे, मग गुडघा, मग पुन्हा कोपर. लागलेलं कुठेच नसायचं. तरी लगेच उठायचे नाहीत. "थांबा, पाहून राहिलो," म्हणायचे. शूटिंगला उशीर होत असायचा, आणि चौबेजी त्यांचा हात हातात धरून मुकाट्याने जमिनीवर बसून राहायचे.